आगरातलं मीठ आणि मालाडचा दगड

२०१९च्या मे महिन्यात मी आजाला मुंबईचं म्युझियम दाखवायला नेलं. करंजाहून रिक्षानं मोरा, मोऱ्याहून लाँचनं भाऊचा धक्का, तिथून टॅक्सी. आजा तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. आतल्या मूर्ती, बंदुका, चिनी भांडी त्यानं नंतर शांतपणे पाहिली, पण आत शिरायच्या आधीच तो बाहेरच्या भिंतीपाशी थांबला होता. पिवळसर दगडावर त्यानं तळवा फिरवला, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं आणि म्हणाला, "ह्यो दगर आपला नाय."

'आपला' म्हणजे काळा. करंजाला द्रोणागिरीचा डोंगर काळा, घरांचे जोते काळे, जेट्टीवरचे धोंडे काळे. समोरच्या घारापुरीची लेणीही काळ्या कातळातच खोदलेली. मुंबई आमच्यासमोर, पाण्याच्या पलीकडे. मग तिथला दगड पिवळा कसा?

मी इंजिनिअर. चार वर्षं डिग्री केली, आता कोड लिहितो. मी म्हणालो, "पॉलिश वेगळं असेल." आजा काही बोलला नाही, नुसता हसला. आपल्याला माहीत नाही हे समोरच्याला कळलंय, एवढंच त्या हसण्यात होतं. तो प्रश्न माझ्यासोबत लाँचमधून परत आला. पुढची दोन वर्षं वेळ मिळेल तसं मी त्यावर वाचत गेलो. हा लेख त्या वाचनाचा.

वाफ्यातलं मीठ

आधी आजाबद्दल. आमचं आडनाव सोडा, जात सांगितली तरी धंदा कळतो: आगरी. हा शब्द 'आगर'वरून आला असं सांगतात, आणि आगर म्हणजे मिठागर. जुन्या इंग्रजी कागदांत उरणचं आख्खं बेटच 'करंजा' या नावानं येतं. १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीबरोबर हे बेटही मराठ्यांकडून कंपनीकडे गेलं. भात, मासळी आणि मीठ, या तिन्हींवर इथली माणसं जगली.

आजानं उभा जन्म मिठागरात काढला. उधाणाच्या भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत दाट करायचं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ 'बसू' द्यायचं. समुद्राच्या पाण्यात वजनानं साडेतीन टक्के क्षार. पाणी आटत आटत मिठाचं प्रमाण सव्वीस टक्क्यांच्या आसपास गेलं की ते आणखी मीठ पोटात ठेवू शकत नाही. तिथून खडा धरायला लागतो.

आजाला टक्केवारी माहीत नव्हती. चिमूट उचलून बोटांत घासली की तो सांगायचा: हे घाईचं मीठ, हे निवांत बसलेलं. कडक ऊन, वारा, ढवळलेलं पाणी असेल तर मीठ बारीक पडतं. पाणी हललं नाही, आटणं संथ राहिलं तर खडा मोठा, चौकोनी, कडा धारदार.

यामागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, स्फटिकाचं बीज पडणं. सुटे कण एकत्र येतात, विखुरतात, पुन्हा येतात. त्यांचा पुंजका ठरावीक आकाराच्या वर गेला तरच तो टिकतो. दुसरी, टिकलेल्या बीजावर नवे कण येऊन बसणं, म्हणजे वाढ. बिजं थोडी आणि वेळ भरपूर असेल तर मोजके मोठे खडे. एकदम शेकडो बिजं पडली तर माल तेवढाच, वाटेकरी जास्त. म्हणून बारीक मीठ.

दगडाचंही हेच आहे. फरक एवढाच की मिठागरात पाणी उडून जातं, आणि जमिनीखालच्या शिलारसात उष्णता जाते. पण दगड असा 'बसतो' हे माणसाला कळायला अठरावं शतक संपावं लागलं.

बाटल्यांच्या कारखान्यातला अपघात

त्या काळी युरोपात वाद पेटला होता. जर्मनीतल्या फ्रायबर्गचा प्राध्यापक आब्राहम व्हेर्नर आणि त्याचे शिष्य म्हणत, बेसाल्टसारखे काळे दगड प्राचीन समुद्राच्या पाण्यातून खाली बसले. एडिनबरोचा जेम्स हटन म्हणे, नाही, ते वितळलेल्या स्थितीतून आले. हटनच्या विरोधकांकडे एक बिनतोड वाटणारा मुद्दा होता: दगड भट्टीत वितळवून पाहा, थंड झाल्यावर काच मिळते. मग वितळलेला रस दगड कसा होईल?

उत्तर मिळालं ते बाटल्यांच्या काचेतून. एडिनबरोजवळच्या लीथ गावातल्या काचकारखान्यात हिरव्या काचेचा एक गोळा चुकून फार सावकाश निवला. तो काचेसारखा राहिलाच नाही. अपारदर्शक, खरबरीत, दगडासारखा झाला. हटनचा तरुण मित्र सर जेम्स हॉल याच्या हे लक्षात आलं. तोच तुकडा पुन्हा वितळवून झटकन थंड केला की पुन्हा काच! पदार्थ एकच, फरक फक्त वेळेचा.

हटनला मुशीतल्या चिमूटभर प्रयोगावरून पृथ्वीचा निवाडा करणं पसंत नव्हतं. १७९७मध्ये तो वारला. त्यानंतर हॉलनं आपले प्रयोग नेटानं पुरे केले आणि १७९८मध्ये एडिनबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. एडिनबरो परिसरातला काळा दगड आणि ज्वालामुखींचा लाव्हा त्यानं भट्टीत वितळवला. लवकर निववला तेव्हा काच झाली, सावकाश निववला तेव्हा स्फटिकांनी भरलेला दगड.

पुढचा माणूस मला जास्त जवळचा वाटतो. ग्रेगरी वॉट, वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटचा मुलगा. हॉलच्या मुशी लहान होत्या. वॉटनं सुमारे साडेतीनशे किलो बेसाल्ट एकाच वेळी वितळवला आणि आठवडाभर निवू दिला. मग फोडून पाहिला. लवकर निवलेल्या भागात काच. त्यापुढे काचेत गोल दाणे, काही ठिकाणी बोराएवढे, काही ठिकाणी त्याहून मोठे, मधूनच बाहेर पसरत गेलेले. सर्वांत सावकाश निवलेल्या भागात हे गोळे एकमेकांत मिसळून सलग दगड झालेले. काचेपासून स्फटिकापर्यंतची सगळी वाट एकाच ढेकळात दिसत होती. हा निबंध १८०४मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी वॉट क्षयानं गेला. वय २७.

हे वाचलं तेव्हा मीही २७चा होतो. त्या दिवशी माझं ऑफिसातलं काम म्हणजे एका बटणाचा रंग बदलणं. असो.

वॉटचा एक अंदाज चुकला. हे गोळे वाढून एकमेकांना दाबतात आणि त्यातून बेसाल्टचे षट्कोनी खांब होतात, असं त्याला वाटलं. आज आपल्याला माहीत आहे की लाव्हा निवताना आकसतो आणि तडकतो, त्या तड्यांमुळे खांब होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल त्याचंच उदाहरण. पण काचेतून उगवणारे गोळे त्यानं पाहिले ते खरे होते. त्यांच्यात सुईसारखे स्फटिक एका केंद्रातून चहूकडे पसरलेले असतात. आणि असे गोळे सर्वांत सहज सापडतात ते सिलिका जास्त असलेल्या दगडात.

घट्ट रस

सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन, आपली गारगोटी ज्याची बनते ते. काळ्या बेसाल्टमध्ये ती वजनानं ५० टक्क्यांच्या आसपास असते. ट्रॅकाइट नावाच्या दगडात साठीच्या पुढे, आणि रायोलाइटमध्ये सत्तरीच्या घरात किंवा वर.

वीस टक्क्यांनी एवढं काय होणार? खूप काही. वितळलेल्या रसात एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असे चौफळी तुकडे असतात आणि ते कोपऱ्याला कोपरा जोडून एकमेकांचे हात धरतात. सिलिका कमी असेल तर लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम मध्ये शिरून हात सोडवतात, रस पातळ राहतो. सिलिका वाढली की सगळीकडे जाळंच जाळं. शिवाय असा रस ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला बाहेर येतो, तर बेसाल्ट ११००-१२०० अंशांना. जाळं जास्त आणि उष्णता कमी, त्यामुळे तो बेसाल्टपेक्षा लाखो पटींनी घट्ट असू शकतो. बेसाल्टचा लाव्हा मैलोन्‌मैल धावतो. रायोलाइटचा पुष्कळदा तोंडाशीच फुगून बसतो, नाहीतर आत कोंडलेल्या वायूमुळे स्फोट होऊन राख होतो.

स्फटिकाच्या दृष्टीनं पाहा. बीज पडलंय, पण त्याला लागणारे कण त्या चिकट जाळ्यातून सरकत यायला हवेत. ते येईपर्यंत रस आणखी निवतो, आणखी घट्ट होतो. शेवटी कण जिथे आहेत तिथेच अडकतात. यालाच काच म्हणायचं. काळी चकचकीत ऑब्सिडियन ही अशी, बसायला वेळच न मिळालेला रस.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ गुस्टाव्ह टामान यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हे नीट मांडलं. बीज पडण्याचा वेग आणि वाढीचा वेग हे एकाच तापमानाला सर्वाधिक नसतात. गोठणबिंदूच्या जरा खाली वाढ जोरात असते, बिजं मात्र थोडी. आणखी खाली बिजं ढीगभर पडतात, पण वाढ मंदावते. फार खाली दोन्ही बंद.

हा नियम हातात आला की दगडाची पोत वाचता येते. वाटाण्याएवढे खडे एकमेकांत घट्ट बसलेले असतील तर रस जमिनीखाली हजारो वर्षं निवला. तोच ग्रॅनाइट, म्हणजे रासायनिकदृष्ट्या रायोलाइटचा भाऊ. बारीक पिठात मोठे खडे रुतलेले दिसले तर गोष्ट दोन टप्प्यांची: आधी खोलवर निवांत वाढ, मग अचानक वर येणं आणि उरलेल्या रसाचं घाईत गोठणं. काचेत गोळे असतील तर फार खालच्या तापमानाला स्फटिकांनी उशिरा धडपड केली. आणि फेल्डस्पारच्या बारीक काड्या एकाच दिशेला झोपलेल्या असतील, ओढ्याच्या पाण्यात वाहत आलेल्या काटक्यांसारख्या, तर स्फटिक तयार झाल्यावरही रस सरकत होता. ही शेवटची पोत ट्रॅकाइटची खूण मानली जाते, तिला नावच ट्रॅकाइटवरून मिळालं.

हे सगळं दिसायला दगड पारदर्शक व्हावा लागतो. शेफील्डच्या हेन्री सॉर्बीनं दगडाचे कागदाहून पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि १८५८मध्ये त्यावर निबंध लिहिला. डोंगर काय सूक्ष्मदर्शकातून बघायचे असतात, म्हणून लोक त्याला हसले. आज भूगर्भशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मिलिमीटरच्या तीन शतांश जाडीचा काप करायला शिकवतात.

प्रयोगशाळेत मात्र सिलिकावाल्या रसानं फार छळलं. हॉलची युक्ती इथे चालेना, कितीही थांबा, काचच मिळे. चावी होती पाणी. दाबाखाली रसात विरघळलेलं पाणी जाळ्याचे हात सोडवतं, रस पातळ होतो आणि गोठणबिंदू खाली येतो. नॉर्मन बोवेन आणि ओ. एफ. टटल यांनी पाण्याच्या दाबाखाली ग्रॅनाइट वितळवून १९५८मध्ये त्याचा सगळा हिशेब छापला. १९७७मध्ये सॅम्युएल स्वानसननं अशाच रसात बिजं आणि वाढ यांचे वेग मोजले आणि थोड्या बिजांतून मोठे खडे कसे होतात ते दाखवून दिलं. माझ्या आजाच्या भाषेत, निवांत बसलेलं.

मुंबईचा पिवळा दगड

आता म्युझियमची भिंत. आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. पायाभरणी १९०५ला, वास्तुविशारद जॉर्ज विटेट, इमारत १९१४ला तयार. पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं, संग्रहालय म्हणून दारं उघडली १९२२ला. तिच्या बांधकामात दोन दगड आहेत: कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट. आजाचा हात पडला तो मालाडवर.

म्हणजे दगड मुंबईचाच, पण जात वेगळी. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा असताना ही जात आली कुठून?

दख्खनच्या या थरांना 'ट्रॅप' म्हणतात ते पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून. कर्नल साइक्स यानं १८३३मध्ये दख्खनच्या भूगर्भावर लिहिलं. मुंबईतला लष्करी डॉक्टर हेन्री कार्टर यानं १८५२मध्ये मुंबई बेटाच्या भूगर्भावर निबंध छापला. तेव्हापासूनच लक्षात येत होतं की मुंबई घाटासारखी नाही. घाटावर थर आडवे, एकावर एक पोळ्या रचाव्यात तसे. किनाऱ्याकडे आलात की ते पश्चिमेला समुद्रात झुकतात. जॉन ऑडेन यानं १९४९मध्ये या वाकलेल्या पट्ट्याला नाव दिलं 'पनवेल फ्लेक्शर'. हा ऑडेन प्रसिद्ध कवी डब्ल्यू. एच. ऑडेनचा भाऊ, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला. आमचं उरण-पनवेल या वाकाच्या कुशीतच आहे. जगभरच्या शोधनिबंधांत पनवेल हे नाव विमानतळाच्या कितीतरी आधी पोचलं होतं.

पुढे हे काम मुंबईतल्याच एका कॉलेजनं नेटानं केलं. सेंट झेवियर्सचे आर. एन. सुखेश्वाला यांनी आरी पोल्डरव्हार्ट यांच्याबरोबर १९५८मध्ये मुंबईच्या बेसाल्टवर निबंध लिहिला. त्याच कॉलेजचे एस. एफ. सेठना मुंबईच्या रायोलाइट आणि ट्रॅकाइटवर वर्षानुवर्षं काम करत राहिले. १९८७मध्ये लाइटफूट आणि हॉक्सवर्थ यांच्याबरोबर त्यांनी या दगडांतले स्ट्राँशियम, निओडिमियम, शिसं यांचे समस्थानिक तपासले. प्रश्न आजाचाच होता: हा दगड आला कुठून?

बेसाल्टी रसातून सिलिकावाला रस मिळायच्या दोन वाटा मानल्या जातात. एक, खोलवर बेसाल्टी रस निवू लागतो, लोह-मॅग्नेशियमवाले आणि कॅल्शियमवाले स्फटिक आधी बसतात आणि खाली राहतात. उरलेल्या रसात सिलिका वाढत जाते. दुसरी, आधी गोठलेला खोलवरचा दगड नव्या उष्णतेनं थोडासा पुन्हा वितळतो आणि त्यातला सिलिकावाला भाग आधी सुटतो.

पहिली वाट मला वाचता वाचता ओळखीची वाटली. मिठागरातही सगळं एकदम बसत नाही. आधी जिप्सम बसतं, मग मीठ, आणि मीठ ओढून काढल्यावर वाफ्यात एक कडवट, तेलकट पाणी उरतं, मॅग्नेशियमच्या क्षारांनी भरलेलं. समुद्र तोच, पण आधीचे पाहुणे उठून गेल्यामुळे उरलेली पंगत वेगळी.

काळही जुळतो. दख्खनचा मुख्य लाव्हा आला ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास, डायनोसॉर गेले त्याच सुमाराला. मुंबईचे हे दगड त्यानंतरचे. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ, कांचन पांडे आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये मनोरी आणि साकीनाक्याच्या ट्रॅकाइटचं वय सहा कोटींच्या थोडं पुढे काढलं. २०१४मध्ये भाईंदरजवळच्या डोंगरीच्या रायोलाइटचं वय त्यांनी दाखवलं ते सुमारे सव्वासहा कोटी वर्षं. घड्याळ स्फटिकांतच असतं. फेल्डस्पारमधल्या पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार संथपणे विघटित होत राहतो, सव्वाशे कोटी वर्षांत निम्मा, आणि त्यातल्या काही भागाचा आर्गॉन होतो. दगड गोठल्यावर हा आर्गॉन आत अडकतो. तो मोजा, वय कळतं. याच काळात सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटून दूर जात होता. आपला पश्चिम किनारा तेव्हा बनला, थर वाकले आणि मुंबईखालचा हा उशिराचा रस वर आला.

थोडक्यात, सह्याद्रीच्या काळ्या दगडाचं काम उरकल्यावर लाखो वर्षांनी आलेला हा पाहुणा. आजाचा हात बरोबर होता. आणखी एक गोष्ट मला खूप उशिरा सापडली. 'ट्रॅकाइट' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ 'खरबरीत'. ज्यांनी नाव ठेवलं त्यांनीही आधी हातच फिरवला असणार.

दोन ताटल्या

आमचं आगर आता नाही. ते भरावाखाली गेलं. भरावाचा दगड जवळच्या डोंगरांतूनच आलेला, काळा, 'आपला'. शेवटच्या हंगामात आजा मीठ ओढायला गेला नव्हता, बांधावर बसून होता, असं बाबा सांगतात. मी तेव्हा शाळेत होतो आणि खूष होतो, कारण पैसे आले होते आणि घरात कॉम्प्युटर येणार होता. तो आला. त्याच्यामुळेच मी आज हे टाइप करतोय. मालाडच्या टेकड्यांचंही असंच झालं. तिथे उतरलात तर टॉवर दिसतात. दगड बघायचा तर फोर्टात यावं लागतं, भिंतीपाशी.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी घरून काम करत होतो. आजाची नजर तोवर बरीच अधू झाली होती. एका दुपारी मी गरम पाण्यात मावेल तेवढं खडे मीठ विरघळवलं, फडक्यातून गाळलं आणि दोन स्टीलच्या ताटल्यांत ओतलं. एक गॅसवर ठेवून आटवली. दुसरी पातळ कापड टाकून पडवीच्या सावलीत ठेवली, कोणी हलवायची नाही असं घरात सगळ्यांना बजावून. तुम्हीही करून पाहा, खर्च दहा रुपये.

गॅसवरच्या ताटलीत वीस मिनिटांत पांढरी पूड. पडवीतली ताटली आठवडाभरानं त्याच्यापुढे ठेवली. तळाला चौकोनी खडे होते, नखाएवढे, कडा सरळ. आजानं दोन्हींवर बोटं फिरवली. पहिली ताटली बाजूला सारली. दुसऱ्या ताटलीतला एक खडा अंगठा आणि बोटात धरून किती वेळ फिरवत राहिला.

मग मी त्याला म्युझियमच्या भिंतीचं सांगितलं. सिलिका, समस्थानिक यातलं काही नाही. म्हटलं, आजा, जमिनीखाली मोठं आगर होतं. त्यात काळा दगड आधी बसला. तो बसल्यावर जे पाणी उरलं, ते मागाहून वर आलं आणि मालाडला गोठलं. तो पिवळा दगड म्हणजे ते उरलेलं पाणी असणार.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मंग कडू असंल त्यो दगर."

या वेळी हसलो मी. तो खडा अजून माझ्या टेबलावर आहे, लॅपटॉपच्या शेजारी एका डबीत. पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं, कडा जरा बोथट होतात. डबीचं झाकण मी घट्ट लावतो.